आजारी कोंबड्याची शुश्रूषा : खंबायत ते नवापूर

पश्चिम भारतातील पशुवैद्यकाचा इतिहास आजवर बहुतांशी हत्ती, घोडा आणि गाय-बैल यांच्याभोवती लिहिला गेला आहे. हत्ती-घोड्यांच्या बळावर राज्ये उभी राहत होती आणि बैलांच्या खांद्यावर शेती चालत होती, त्यामुळे यात आश्चर्य नाही. परसातल्या कोंबड्याला, आणि त्यातही वय झालेल्या, दुखणाईत कोंबड्याला, या इतिहासात जवळजवळ जागाच मिळालेली नाही. तरीही धर्मादाय संस्थांच्या अंगणात, झुंजीच्या शौकिनांच्या घरी आणि सर्वांत अधिक गावोगावच्या परसांत अशा कोंबड्यांची शुश्रूषा होत आली आहे. ती कोणी केली, कशासाठी केली आणि ती लिहून का ठेवली गेली नाही, हे प्रश्न पाळीव पक्ष्यांच्या इतिहासाचे आहेत तितकेच समाजाच्या इतिहासाचेही आहेत.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज दक्षिण व आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा हा होय. मात्र २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक संशोधनाने दाखवून दिले की पिवळ्या कातडीला कारणीभूत असणारे जनुक पाळीव कोंबडीत राखी रानकोंबड्याकडून आले असावे, आणि हा राखी रानकोंबडा सह्याद्री व दक्षिण भारत यांचाच रहिवासी आहे. म्हणजे कोंबडीशी या प्रदेशाचे नाते केवळ पाळणाऱ्याचे नाही, तर काही अंशी रक्ताचेही आहे. चांगली निगा राखली तर देशी कोंबडा पाच ते आठ वर्षे, क्वचित त्याहून अधिक जगतो. चौथ्या-पाचव्या वर्षापासून त्याच्यावर वयाच्या खुणा दिसू लागतात. नराच्या पायामागे शिंगासारखा जो कठीण काटा असतो तो आयुष्यभर वाढत राहतो, आणि तो फार लांबून आत वळला म्हणजे कोंबड्याला नीट चालता येत नाही. जड झालेला पक्षी उंच दांडीवरून कठीण जमिनीवर उड्या घेत राहिला तर तळव्याला जखम होते, ती आतून पुवाळते आणि मधोमध काळी खपली धरते. रक्ताभिसरण मंदावले की तुऱ्याचा लाल रंग जांभळट दिसू लागतो, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यास समोरचा दाणाही चोचीने अचूक टिपता येत नाही. कळपातला तरुण नर अशा कोंबड्याला दाण्यापासून हुसकावून लावतो, म्हणून म्हातारपणी मूळ दुखण्याइतकीच उपासमारही त्याच्या जिवावर उठते. त्याला वेगळे ठेवून वेगळे खाऊ घालणे हीच त्यामुळे शुश्रूषेची पहिली पायरी ठरते.

संस्कृत ग्रंथपरंपरेत पशुवैद्यक समृद्ध आहे. पालकाप्याच्या नावावर असलेला हस्त्यायुर्वेद हत्तींच्या रोगांचा सविस्तर विचार करतो, शालिहोत्राच्या नावाशी अश्ववैद्यकाची सबंध परंपरा जोडलेली आहे, आणि कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या श्यैनिकशास्त्रात शिकारी ससाण्यांचे संगोपन व त्यांच्या व्याधींवरील उपचारही सांगितलेले आहेत. राजाच्या मनगटावर बसणाऱ्या ससाण्याला वैद्यकाचा ग्रंथ लाभला. अंगणातल्या कोंबड्यासाठी तशा तोडीचा स्वतंत्र ग्रंथ परंपरेत प्रतिष्ठा पावला नाही. कोंबड्याचा उल्लेख येतो तो शकुनाच्या किंवा करमणुकीच्या संदर्भात. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत कुक्कुटलक्षणांचा एक अध्याय आहे, पण त्याचा विषय उत्तम कोंबडा कसा ओळखावा हा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९च्या सुमारास सिद्ध केलेल्या मानसोल्लास या ज्ञानकोशात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांमध्ये, कोंबड्यांच्या झुंजीला स्थान मिळाले आहे. झुंजीचा कोंबडा मौल्यवान असल्याने त्याच्या आहाराची आणि जखमांची काळजी घेतली जाई, हे खरे. परंतु ती काळजी त्याच्या लढण्याच्या शक्तीशी बांधलेली होती, आणि ती शक्ती संपली की काळजीचे कारणही संपत असे.

या उदासीनतेमागे आहारविषयक निषेधाचाही वाटा होता. मनुस्मृतीने लसूण, कांदा यांच्याबरोबरच गावातला कोंबडाही द्विजांना वर्ज्य ठरवला, आणि पुढील काळात केवळ त्याचे मांसच नव्हे तर त्याचे घरात वावरणेही उच्चवर्णीय कुटुंबांना अशुद्ध वाटू लागले. परिणामी कोंबडीपालन शेतकरी, कोळी, दलित, आदिवासी, मुसलमान आणि ख्रिस्ती घरांतून चालत राहिले. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या परसात कोंबडा नव्हता, आणि ज्यांच्या परसात कोंबडा होता त्यांच्या हाती शतकानुशतके लेखणी पडू दिली गेली नाही. रोमन साम्राज्यात कोलुमेल्ला या शेतीविषयक लेखकाने पहिल्या शतकातच कोंबड्यांच्या जिभेच्या व घशाच्या विकारावर कोमट तेलात बुडवलेली लसूण द्यावी असे नोंदवून ठेवले. भारतातील खेड्यांत लसणाचा हाच उपाय पिढ्यान्‌पिढ्या केला गेला, पण तो कोणी केव्हा सुरू केला याची नोंद नाही. ज्ञानाच्या अभावाने नव्हे, तर जातिव्यवस्थेने ही पोकळी निर्माण केली, असेच म्हणावे लागते.

राज्यसत्तेकडून कोंबड्याला मिळालेले एक संरक्षण मात्र अतिशय जुने आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे, आणि त्याच लेखात कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये अशीही आज्ञा आहे. खच्चीकरण म्हणजे मांस वाढावे म्हणून नराची बीजग्रंथी काढून टाकणे. कोंबड्याच्या बाबतीत ही ग्रंथी शरीराच्या आत, पाठीच्या कण्यालगत असल्याने ही क्रिया विशेष वेदनादायक व धोक्याची असते. एवढ्या बारीक गोष्टीकडे एका सम्राटाचे लक्ष गेले, याचे मोल मोठे आहे.

आजारी कोंबड्याला प्रत्यक्ष आश्रय मिळाल्याचे एक स्पष्ट लिखित साक्ष्य गुजरातेतील खंबायत येथून येते. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा १६२३ साली या बंदरात आला असता त्याने तेथील पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले आणि आपल्या पत्रांतून त्याचे तपशीलवार वर्णन केले. लंगडे, रोगी, जोडीदार गमावलेले अशा नाना प्रकारचे पक्षी तेथे ठेवलेले होते, आणि त्यांचा सांभाळ लोकांच्या दानधर्मावर चालत असे. आई मेलेली उंदरांची काही पिल्लेही तेथे कापसात ठेवलेली होती, आणि पांढऱ्या दाढीचा, नाकावर चष्मा चढवलेला एक वृद्ध गृहस्थ त्यांना पिसाच्या टोकाने दूध पाजत होता. त्याच शहरात शेळ्या-मेंढ्यांसाठी असलेल्या दुसऱ्या रुग्णालयाच्या मोठ्या अंगणात अशाच मदतीची गरज असलेले काही कोंबडे आणि मोरही त्याला दिसले. या वर्णनातला सर्वांत मोलाचा तपशील वेगळाच आहे : पक्षी बरा झाला की रानातला असल्यास त्याला मोकळे सोडले जाई, आणि पाळीव असल्यास तो घरी सांभाळू शकेल अशा एखाद्या धार्मिक वृत्तीच्या माणसाकडे सोपवला जाई. याचा अर्थ असा की सतराव्या शतकात, किमान या एका शहरात, अंडे न देणाऱ्या, झुंज न खेळणाऱ्या पाळीव पक्ष्यालाही केवळ जगण्यासाठी घर शोधून दिले जात होते. युरोपीय प्रवाशांना ही गोष्ट विलक्षण वाटली, म्हणूनच ती त्यांच्या लिखाणात टिकली. स्थानिकांना ती नित्याची होती, म्हणून त्यांनी ती लिहून ठेवण्याचे कारण नव्हते.

या परंपरेमागे जैन व वैष्णव व्यापाऱ्यांची अहिंसेवरील श्रद्धा होती, आणि तिचे संस्थारूप म्हणजे पांजरपोळ, अर्थात म्हाताऱ्या, अपंग व निरुपयोगी ठरवलेल्या प्राण्यांना मरेपर्यंत सांभाळणारी धर्मादाय संस्था. मुंबईत मोकाट कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ साली दंगल उसळली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, शेठ मोतीचंद अमीचंद आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. तथापि पांजरपोळाची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. तेथे जीव राखला जाई, पण रोगाचे निदान व उपचार हा त्याचा मूळ हेतू नव्हता, आणि नाना प्रकारचे आजारी प्राणी एकत्र कोंडल्याने संसर्ग पसरण्यास वावच मिळे. दया आणि वैद्यक या दोन गोष्टी एकाच छताखाली आणण्याचा प्रयत्न मुंबईत पुढे झाला. १८८३ साली परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने प्राण्यांचे रुग्णालय स्थापन झाले आणि त्याच्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळच्या शहरी पशुवैद्यकाचे मुख्य रुग्ण अर्थातच ट्रामचे आणि गाड्यांचे घोडे व बैल हे होते.

संस्थांच्या या इतिहासापेक्षा घरगुती शुश्रूषेचा इतिहास अधिक विस्तृत आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत कोंबड्या पाळणे हे जवळजवळ सर्वत्र बायकांचे काम राहिले आहे, आणि अंडी-कोंबड्यांच्या विक्रीतून येणारा पैसा हा पुष्कळ घरांत बाईच्या स्वतःच्या हातात राहणारा एकमेव पैसा होता. कोंबडा मलूल झाला, पंख पाडून आणि मान आखडून कोपऱ्यात बसू लागला, की सर्वप्रथम ते तिच्या लक्षात येई. पक्षी आपले दुखणे शक्य तितके लपवतात, कारण कमकुवत दिसणाऱ्याला कळपातले इतर पक्षी टोचून बेजार करतात. म्हणून सकाळी खुराडे उघडताना कोण उशिरा बाहेर आला, कोणाची विष्ठा हिरवट-पातळ आहे, दाणे टाकल्यावर कोण मागे राहिला, एवढ्या बारकाव्यांवर निदान अवलंबून असे. आजारी पक्षी वेगळा काढून बांबूच्या डालग्याखाली, चुलीच्या उबेच्या अंतरावर ठेवला जाई, आणि त्याला तांदळाच्या कण्या किंवा नाचणीची पातळ पेज दिली जाई. पेज चोच उघडून घशात ओतली तर ती श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरू शकतो. चोचीच्या कडेला थेंब लावून त्याला तो आपणहून गिळू देणे हे कौशल्य अनुभवानेच येते.

या घरगुती उपचारांपैकी काहींना आजचे पशुवैद्यकही दुजोरा देते. पायाच्या खवल्यांखाली शिरणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांमुळे म्हाताऱ्या कोंबड्याचे पाय जाड, पांढुरके आणि खरबरीत होतात. त्यावर खोबरेल किंवा करंजाचे तेल पुनःपुन्हा चोळण्याने किड्यांची हवा तुटून ते मरतात आणि खवले सैल होऊन गळतात. ऊ-पिसवांवर चुलीची राख पसरलेली जागा उपयोगी पडते, कारण कोंबड्या स्वभावतःच धुळीत लोळून अंग साफ करतात. जखमेवर लावलेली हळद बहुतेक वेळा जखम स्वच्छ राहण्यास मदत करते. याउलट पायांना रॉकेल लावण्याची रीत कातडी भाजणारी आहे आणि ती सोडून देणेच योग्य. तुऱ्यावर व चोचीखालच्या लाल पाळ्यांवर पुटकुळ्या उठवणाऱ्या देवी या विषाणुजन्य रोगावर हळद-तेलाचा लेप लावला जाई, आणि तीन-चार आठवड्यांत खपल्या पडून पक्षी बरा झाला की त्याचे श्रेय लेपाला मिळे. वस्तुतः कातडीपुरता मर्यादित असलेला हा रोग पुष्कळदा आपोआपच बरा होतो. तोंडात व घशात पांढरे पापुद्रे धरणारा त्याचा दुसरा प्रकार मात्र श्वास कोंडून जीव घेतो, आणि त्यापुढे घरगुती उपाय हतबल ठरत.

या शुश्रूषेला भाबडेपणाने पाहणेही इतिहासाला धरून होणार नाही. बहुतेक कोंबडे म्हातारे होतच नसत. पाहुणचार, जत्रा, गावदेवाचा मान आणि अडीनडीची विक्री यांत त्यांचे आयुष्य पहिल्या-दुसऱ्या वर्षीच संपे. आजाराची पहिली चिन्हे दिसताच पक्षी कापून खाणे हाही सर्वत्र रूढ असलेला व्यवहार होता, आणि गरीब घराच्या दृष्टीने तो समजण्यासारखा असला तरी रोगट पक्षी हाताळण्यामुळे व त्याची पिसे, आतडी उघड्यावर टाकण्यामुळे साथ पसरण्यास तोच कारणीभूत होत असे. नवसासाठी राखलेल्या कोंबड्याची निगा मात्र जत्रेपर्यंत कसोशीने राखली जाई, कारण देवाला द्यायचा पक्षी धडधाकट असावा अशी भावना होती. ज्या थोड्या कोंबड्यांना म्हातारपण लाभले ते बहुधा दोन कारणांनी : एक तर त्यांचा वाण चांगला असे, किंवा घरातल्या कोणाचा तरी त्यांच्यावर जीव जडलेला असे. पहिल्या कोंबड्याच्या आरवण्यावर जात्यावर बसण्याची आणि मोटेला बैल जुंपण्याची वेळ ठरणाऱ्या काळात वर्षानुवर्षे पहाट सांगणारा पक्षी घरच्या माणसांसारखाच होऊन जाणे अशक्य नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांच्या रोगांचा जंतुशास्त्रीय अभ्यास भारतात सुरू झाला आणि त्याचा आरंभ पुण्यात झाला, ही महाराष्ट्राने लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे. १८८९ साली पुण्यात स्थापन झालेली इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ साली कुमाऊंच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. धोकादायक जंतूंवर काम करण्यासाठी वस्तीपासून दूर असलेली थंड जागा हवी होती. हीच संस्था पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली गेली. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कोंबड्यांची एक नवी, अतिशय मारक साथ नोंदवली गेली होती. त्यानंतर १९२७ साली मुक्तेश्वरपासून फार दूर नसलेल्या राणीखेत येथे तशीच साथ उद्भवली, आणि संस्थेचे तत्कालीन संचालक एडवर्ड्स यांनी केलेल्या वर्णनामुळे भारतात या रोगाला राणीखेत हेच नाव पडले. महाराष्ट्रात याला मानमोडी म्हणतात, कारण विषाणू मज्जासंस्थेवर आघात करतो तेव्हा पक्ष्याची मान पिरगळल्यासारखी वाकडी होते. या रोगातून वाचलेला कोंबडा पुष्कळदा वाकड्या मानेनेच उरलेले आयुष्य काढतो. त्याला जमिनीवरचा दाणा टिपता येत नाही, आणि कोणीतरी रोज हाताने भरवले तरच तो जगतो.

१९४०च्या दशकात हॅडो आणि इदनानी या संशोधकांनी मुक्तेश्वर येथे या विषाणूचा सौम्य केलेला वाण तयार केला आणि त्यापासून बनलेली लस देशभर वापरात आली. सहा ते आठ आठवड्यांपुढील पक्ष्यांना ती टोचली जाते, आणि लहान पिल्लांसाठी त्याहून सौम्य वाणाची लस डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकून दिली जाते. कोंबड्यांच्या इतिहासात जीव वाचवणारे याहून मोठे पाऊल क्वचितच पडले असेल. परंतु ही लस थंड ठेवावी लागते, एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि द्रावणात मिसळल्यावर ती दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्या आणि एक कोंबडा असलेल्या घरासाठी ही रचना मुळातच सोयीची नव्हती. सगळ्या वाडीने एकाच दिवशी आपापले पक्षी आणले तरच कुपी सार्थकी लागे, आणि तसे घडवून आणणारा माणूस प्रत्येक वाडीत नसे. उष्णतेला अधिक काळ टिकणारी, खेड्यांतल्या पक्ष्यांचा विचार करून तयार केलेली लस ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित केली. परसातल्या कोंबड्याच्या गरजेपासून संशोधन सुरू व्हायला इतका काळ जावा लागला.

दरम्यान कोंबडीपालनाचा व्यवसाय पूर्णपणे बदलला. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजमुळे पुणे हे या नव्या उद्योगाचे देशातील प्रमुख केंद्र बनले, आणि स्वस्त अंडी व मांस यांमुळे लाखो कुटुंबांच्या आहारात प्रथिनांची भर पडली, हे निर्विवाद. या व्यवस्थेत मात्र म्हाताऱ्या कोंबड्याला अस्तित्वच नाही. मांसासाठी वाढवलेला पक्षी साधारण सहा आठवड्यांत विकला जातो, आणि अंड्यांसाठीच्या जातीतील नर पिल्ले उबवणी केंद्रातच नष्ट केली जातात. येथे पशुवैद्यकाचा रुग्ण एकटा पक्षी नसून संपूर्ण शेड असते, आणि त्या गणितात एका पक्ष्यावर वेळ खर्च करणे परवडत नाही. हे ज्ञान प्रगत आहे. परंतु तुऱ्याचा रंग जांभळा पडलेल्या, सात वर्षांच्या एका देशी कोंबड्याचे काय करावे, हे त्यात शिकवले जात नाही.

परसातला पक्षी आणि ही मोठी व्यवस्था यांच्यातील अंतर २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे उघड झाले. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला तेथे बर्ड फ्लू, म्हणजे पक्ष्यांतून माणसालाही बाधू शकणारा एच५एन१ विषाणू, आढळल्याचे जाहीर झाले. भारतातील तो पहिला उद्रेक होता. साथ रोखण्यासाठी बाधित परिसरातले पक्षी मारण्याची मोहीम हाती घेण्यात आली, आणि तिच्यात मोठ्या शेडमधल्या पक्ष्यांबरोबर आदिवासी घरांच्या अंगणातल्या कोंबड्याही गेल्या. मार्च महिन्यात जळगाव जिल्ह्यातील खेड्यांतही घरगुती कोंबड्यांमध्ये लागण सापडली. माणसांच्या जिवाला असलेला धोका पाहता ती कारवाई आवश्यक होती. तरीही ज्या घरात एका कोंबड्याला डालग्याखाली ठेवून पेज पाजली गेली होती, त्या घराला सरकारी पोशाखातली माणसे प्रथम भेटली ती पक्षी मारण्यासाठी, उपचारासाठी नव्हे, ही गोष्ट दुःखद आहे. २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने अशा रोगांची खबर देणे मालकावर बंधनकारक केले. खबर देण्याची तयारी विश्वासातून येते, आणि विश्वास निर्माण होतो तो साध्या दुखण्याच्या वेळी दवाखान्याने दिलेल्या उत्तरातून.

आज शहरांतही देशी कोंबडे हौसेने पाळणारी कुटुंबे वाढत आहेत, आणि त्यांच्यापुढे म्हाताऱ्या पक्ष्याचे प्रश्न नव्याने उभे राहतात. दुकानातून आणलेले प्रतिजैविक अंदाजाने पाण्यात मिसळून देण्याची सवय त्यांत सर्वांत घातक आहे, कारण त्यामुळे औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात. याच कारणास्तव केंद्र सरकारने २०१९ साली कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांतील वापर बंद केला. उलट कमी उंचीची दांडी, मऊ व कोरडा बिछाना, जेमतेम टोकापुरताच घासलेला पायामागचा काटा (खोलवर कापला तर त्याच्या आतील जिवंत भागातून रक्त येते), वेगळे भांडे आणि ऊब या गोष्टींना खर्च नाही, आणि त्या सर्व जुन्या बायकांना ठाऊक होत्या. मुंबई, परभणी, नागपूर, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांनी, त्या पिढीतल्या बायका हयात आहेत तोवर, त्यांच्याकडचे हे ज्ञान गावोगाव जाऊन त्यांच्या नावानिशी नोंदवून घ्यावे, त्यातले हानिकारक उपाय वेगळे काढावेत आणि उरलेले तपासून मराठीत प्रसिद्ध करावेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांनी एका कोंबड्यासाठी आलेल्या माणसाचीही केसपेपरवर नोंद घ्यावी.